तोफा गेल्या, कुंपण राहिलं

कधीपासून लिहीन लिहीन म्हणत होतो, पण आमची रिलीज डेट आणि माझा आळस यांची युती भक्कम आहे. आज बाहेर मस्त पाऊस आहे, चहा झालाय, तेव्हा लिहूनच टाकतो.

ऑनसाईट असताना एका लाँग वीकेंडला होनोलुलूला गेलो होतो. वायकीकीचा किनारा म्हणजे ओळीने उंचच उंच हॉटेलं. त्यांच्या मधेच अचानक एक मोठ्ठं हिरवंगार मैदान लागतं आणि समुद्राच्या कडेला काँक्रीटचा एक राखाडी ठोकळा. हा फोर्ट डरूसी.

१८९८ मध्ये अमेरिकेने हवाई बेटं आपल्यात सामील करून घेतली. पर्ल हार्बर आणि होनोलुलू बंदर राखायचं तर किनाऱ्यावर तोफा हव्यात, म्हणून १९०४ पासून लष्कराने इथली जमीन घ्यायला सुरुवात केली. दलदल आणि माशांची तळी होती, ती भरून काढली. १९११ मध्ये बॅटरी रँडॉल्फ उभी राहिली. १४ इंची दोन तोफा, एकेक गोळा सुमारे ७०० किलोचा, पल्ला २२ किलोमीटरच्या आसपास. आणि गंमत म्हणजे या तोफा 'गायब' व्हायच्या! बार उडाला की त्याच्याच धक्क्याने तोफ मागे येऊन भिंतीआड खाली बसायची. गोळा भरला की वजनाच्या जोरावर पुन्हा वर. कॉलेजात मेकॅनिक्सच्या पेपरला कसाबसा पास झालेला मी ते मॉडेल बघत बराच वेळ उभा होतो.

पण ७ डिसेंबर १९४१ ला शत्रू समुद्रातून आलाच नाही, आकाशातून आला. जहाजांसाठी बांधलेल्या तोफा विमानांपुढे काय करणार? त्या फक्त सरावातच उडाल्या आणि युद्धानंतर भंगारात गेल्या. ठोकळा मात्र पाडायला इतका कठीण, की तो तसाच राहिला. १९७६ मध्ये त्यात लष्कराचं संग्रहालय झालं.

बाकीच्या जागेचं काय? तर आराम! १९६६ पासून व्हिएतनाममधल्या सैनिकांना रजेवर इथे पाठवू लागले. बायका मेनलँडहून विमानाने यायच्या, चार दिवस एकत्र काढायचे आणि तो परत जंगलात. १९७५ मध्ये 'हाले कोआ' हे सैनिकांसाठीचं हॉटेल उघडलं. अर्थ 'योद्ध्याचं घर'. हिरवळीवर आणि वाळूवर कुणीही बसावं, खोली मात्र लष्कराशी संबंध असलेल्यांनाच.

रात्री पोशीरला फोन केला. आजोबांना हे सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "तोफा गेल्या ना? मग जमीन दिली का परत?"

मी गप्प.

आपल्याच रायगड जिल्ह्यात घारापुरीला लेण्यांच्या वर चढून गेलं की इंग्रजांच्या दोन अजस्र तोफा आहेत. पोरं त्यांच्यावर चढून फोटो काढतात. तिथेही युद्धाच्या जागेची सहलीची जागा झाली, फक्त कुणी ओळखपत्र विचारत नाही. वायकीकीत कारण संपलं तरी मालक तोच राहिला. व्हिएतनामहून थकून आलेल्या त्या पोरांना चार दिवस सुखाचे मिळाले, याबद्दल माझी तक्रार नाही. पण तळी ज्यांची होती, त्यांचं नाव मी त्या ठोकळ्यात शोधलंच नाही, हे आजोबांच्या प्रश्नानंतर लक्षात आलं.

२०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आमच्या पोशीर नदीवरच्या धरणाला मान्यता दिली. शहरांना पाणी लागतं, मी स्वतः त्याच शहरात नळ सोडून दात घासतो, त्यामुळे फार बोलायचा अधिकार नाही. पण कर्जतकडे जमिनीच्या गोष्टी निघाल्या की मला तो हिरवागार तुकडा आठवतो. जमीन घेताना कारण कागदावर लिहितात. कारण संपल्यावर काय, हे कुणी लिहीत नाही.

असो. पाऊस थांबलाय. पुढच्या सुट्टीत आजोबांना घारापुरीला न्यायचंय.