कुनोची वाट : आकाशातून की जमिनीवरून?

इंदुरातील एका स्नेह्यांच्या घरी अलीकडे एक गमतीचा वाद माझ्या कानी आला. दिवाळीच्या सुटीत घरातील सर्वांनी कुनोच्या राष्ट्रीय उद्यानात चित्ते पाहावयास जावे असे ठरले होते. जावयाचे कसे, एवढाच प्रश्न उरला होता. चिरंजीवांचे म्हणणे, विमानाने ग्वाल्हेर गाठावे आणि तेथून भाड्याची मोटार करावी. वडिलांचे म्हणणे, घरची मोटार असताना दुसऱ्याची कशाला? आजी म्हणाल्या, "मला कसेही न्या, पण वाटेत शिवपुरीची छत्री दाखवा, म्हणजे झाले." शेवटी सर्वांनी माझ्याकडे पाहिले. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या माणसाला मागचे रस्ते ठाऊक असतात, तेव्हा पुढचेही ठाऊक असतील, असा त्यांचा समज असावा. त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. आज सावकाश उत्तर देतो.

प्रथम हिशेब पाहू. इंदूरहून शिवपुरी पावणेचारशे ते चारशे किलोमीटर आहे. तेथून पोहरीवरून कुनोच्या सीमेपर्यंत आणखी दोन तासांची वाट. देवास, शाजापूर, ब्यावरा, गुणा, शिवपुरी हा सारा जुना मुंबई-आग्रा रस्ता. त्याचा क्रमांक पूर्वी ३ होता. आता ब्यावऱ्यापर्यंत ५२ आणि पुढे ४६ आहे. सकाळी लवकर निघालेला मनुष्य दिवे लागणीच्या आत शिवपुरीस सहज पोहोचतो. विमानाचे उड्डाण तासाभराचे खरे. परंतु घरून विमानतळ, तेथील खोळंबा, उतरल्यावर सामानाची वाट पाहणे, आणि त्यानंतर ग्वाल्हेरहून कुनोपर्यंत दीडशे किलोमीटरांच्या आसपास मोटारीचा प्रवास, हे सारे मिळवले की बचत दोन-तीन तासांवर येते. तीही थेट विमान त्या दिवशी असेल तर. दिल्लीवरून वळसा घ्यावा लागला, तर मोटारच आधी पोहोचेल. शिवाय कुनोला स्वतःचा विमानतळ नाही. सामान्य प्रवाशाने आकाशाची वाट धरली, तरी शेवटचा टप्पा मातीवरूनच काढावा लागतो.

एवढ्यावर वाद मिटावा. पण केवळ तासांचा हिशेब करून मिटवावा असा हा वाद नाही, कारण या दोन्ही वाटांना इतिहास आहे.

विमानाची वाट इंदुरास नवी नाही. होळकर दरबाराने टाटा कंपनीचे नेव्हिल व्हिन्सेंट यांचा सल्ला घेऊन बिजासनच्या माळावर जागा निवडली आणि १९३५ मध्ये तेथे धावपट्टी तयार झाली. स्वातंत्र्यानंतर, जुलै १९४८ मध्ये, इंदूरहून ग्वाल्हेर, दिल्ली व मुंबईकडे विमाने जाऊ लागली. म्हणजे इंदूरहून ग्वाल्हेरला उडत जाणे ही पाऊणशे वर्षांपूर्वीचीच कल्पना आहे! आज त्या विमानतळास देवी अहल्याबाईंचे नाव आहे. जिने यात्रेकरूंसाठी घाट आणि धर्मशाळा बांधल्या, तिचे नाव प्रवासाच्या जागेस मिळावे हे उचितच झाले.

जमिनीच्या वाटेची कथा त्याहून फार जुनी. मराठी फौजा माळव्यातून उत्तरेस ज्या वाटांनी गेल्या, त्या याच प्रदेशातील. सदाशिवरावभाऊंनी मार्च १७६० मध्ये पडदूर सोडले. एप्रिलच्या मध्यास त्यांनी हंडियाजवळ नर्मदा ओलांडली, आणि सिरोंज-नरवरच्या बाजूने ग्वाल्हेर गाठावयास मे महिना संपत आला. नर्मदेपासून ग्वाल्हेरपर्यंत सहा-सात आठवडे! पुढे पावसाळा लागला, यमुनेस पूर आला आणि नदी ओलांडण्याचा बेत फसला. पानिपताचा सारा विचार येथे करावयाचा नाही. परंतु ज्याची वाट संथ आहे त्याचे वेळापत्रक ऋतू ठरवितो, एवढे त्यातून दिसते. कुनोचा प्रवासीही या नियमातून सुटलेला नाही. पावसाळ्याचे तीन महिने उद्यान बंद असते. १ ऑक्टोबरला ते उघडते.

याच वाटेवर शिवपुरी आहे. नरवरच्या मानसिंहाने विश्वासघात केल्यावर तात्या टोपे याच बाजूच्या पाडोणच्या अरण्यात पकडले गेले, आणि १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीस त्यांना फाशी देण्यात आले. येवल्याकडचा हा मनुष्य. वर्षभर इंग्रजांच्या फौजांना हुलकावण्या देत नर्मदेपलीकडे जाऊन पुन्हा उत्तरेस आला. त्याला आसरा दिला तो रानानेच. विमानाच्या खिडकीतून हे रान एक हिरवट-पिवळा डाग म्हणून दिसते. मोटारीतून जाताना मात्र कळते की, येथील टेकाडे, ओहोळ आणि करधईचे खुरटे जंगल माणसास कसे गिळून टाकू शकते.

आजींची छत्रीही येथेच. माधवराव शिंदे १९२५ मध्ये पॅरिसला निवर्तले. त्यांची छत्री शिवपुरीस त्यांच्या मातोश्री सख्याराजे यांच्या छत्रीसमोर आहे. या माधवरावांना रेल्वेचा मोठा षोक. ग्वाल्हेरहून शिवपुरीस आणि श्योपूरला त्यांनी दोन फूट रुंदीची चिमुकली आगगाडी नेली. श्योपूरची गाडी सुमारे दोनशे किलोमीटर धावे आणि शंभरावर वर्षे ती धावत राहिली. २०२० मध्ये ती थांबली, आणि तिच्या जागी रुंद मार्गाचे काम हाती घेतले गेले.

कुनोच्या आजच्या कथेचा पहिला अंकही याच माधवरावांच्या नावे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या राज्यातून नाहीसा झालेला सिंह परत आणावा असे त्यांच्या मनात आले. गुजरातेतील गीरचे सिंह तेव्हा अगदी थोडे उरले होते. म्हणून आफ्रिकेतून सिंह मागविण्यात आले. समुद्रप्रवासात त्यांतील काही दगावले. बाकीचे मुंबई बंदरात उतरून ग्वाल्हेरकडे रवाना झाले. कुनोच्या रानात डोभकुंडापाशी त्यांच्यासाठी उंच भिंतींचे आवार बांधले गेले, आणि दुसऱ्या दशकात त्यांना मोकळे सोडण्यात आले. पुढे काय झाले? सिंहांनी गुरे मारली, माणसेही मारली. गावोगाव ओरड झाली. आणि अखेर ते मारले गेले किंवा पांगून संपले. ज्या राजाने आगगाडी आणून दाखविली, त्यास सिंह मात्र टिकवून दाखविता आले नाहीत. प्राणी आणणे निराळे आणि प्राणी रुजणे निराळे, हा धडा कुनोच्या मातीने तेव्हाच दिला होता.

चित्त्याची कथा याहून करुण. आपल्या राजेरजवाड्यांनी शतकानुशतके चित्ता पाळला तो शिकारीसाठी. देशातील चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूर, भावनगर यांसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले. कोल्हापूरच्या चित्तेवानांची आठवण सांगणारी माणसे आपल्याकडे परवापरवापर्यंत होती. १९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या राजाने तीन चित्ते मारले. खात्रीने सांगता येणारी ती शेवटची नोंद. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नष्ट झाल्याचे सरकारने जाहीर केले.

त्यानंतर ७० वर्षांनी चित्ता आला तो आकाशमार्गाने. नामिबियाहून निघालेले विमान प्रथम जयपूर येथे उतरावयाचे होते. तो बेत बदलून ग्वाल्हेर ठरले. म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या घरी झालेला वाद सरकार दरबारीही झाला असला पाहिजे! १७ सप्टेंबर २०२२ रोजी सकाळी आठ चित्ते ग्वाल्हेरला उतरले आणि तेथून हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने कुनोस गेले. पुढे १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. शेवटचा टप्पा मोटारीने न करता हेलिकॉप्टरने केला, यात शहाणपण होते. पिंजऱ्यात कोंडलेल्या वन्य पशूस प्रत्येक तास जड जातो.

तथापि विमानाने अंतर तोडले, ऋतू तोडला नाही. २०२३ मध्ये आलेल्यांपैकी कित्येक चित्ते मेले, आणि मार्चमध्ये जन्मलेल्या चार बछड्यांपैकी तीन मे महिन्याच्या उन्हात गेले. काही प्रौढ चित्त्यांच्या गळ्यातील पट्ट्याखाली जखमा होऊन विषार पसरला होता. तज्ज्ञांनी त्याचे एक कारण असे सांगितले की, दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो तेव्हा आपल्याकडे पावसाळा. चित्त्याच्या अंगाने जुन्या सवयीने थंडीचे दाट केस धरले, आणि आपल्या दमट पावसात त्यांखालची कातडी ओली राहून चिघळली. विषुववृत्त एका रात्रीत ओलांडता येते. पण देहातले पंचांग एका रात्रीत बदलत नाही. पुढे तेथे नवी पिल्ले झाली, वाढली, हे खरे. परंतु ते यश विमानाच्या वेगाचे नव्हे. ते हरणांच्या कळपांचे, पाण्याचे, आणि दिवसरात्र मागोवा घेणाऱ्या वनरक्षकांचे आहे.

आणखी एका प्रवासाची आठवण केल्यावाचून ही कथा पुरी होत नाही. कुनो हे १९८१ मध्ये अभयारण्य झाले. गीरचे सिंह येथे आणावयाचे म्हणून गेल्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या काही वर्षांत आतील २४ गावे उठविण्यात आली. दीड हजारांहून अधिक कुटुंबे बाहेर गेली. त्यांत बहुसंख्य सहरिया आदिवासी होते. सिंह आणावे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१३ रोजी दिला. परंतु सिंह आले नाहीत. २०१८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि पुढे चित्ते आले. ज्यांनी घरे सोडली त्यांनी एका प्राण्यासाठी सोडली आणि तेथे दुसराच प्राणी येऊन राहिला. कसे जावे हा प्रश्न आपल्यापुढे आहे, कारण जावे की न जावे हे आपल्या हाती आहे. त्यांच्या हाती ते किती होते, हे आपण विचारावयास हवे. विमानाने ग्वाल्हेरला उतरून थेट उद्यानाच्या फाटकाशी गेलेल्या प्रवाशास या लोकांची वस्ती दिसण्याचा संभव कमीच. पोहरीच्या रस्त्याने जाणाऱ्यास ती माणसे चहाच्या टपरीवर भेटतात, वाट दाखवितात, आणि विचारले तर आपले जुने गाव कोठे होते हेही सांगतात.

२० एप्रिल २०२५ रोजी कुनोचे दोन चित्ते गांधीसागर अभयारण्यात हलविण्यात आले, आणि ते मात्र मोटारीने, रस्त्याने नेले गेले. जेथे अंतर एका दिवसाचे आहे तेथे चित्त्यासही रस्ताच बरा ठरला! गांधीसागरचा हा मुलूख म्हणजे होळकरांचा रामपुरा-भानपुरा परगणा. यशवंतराव होळकर १८११ मध्ये भानपुऱ्यास वारले. त्यांची छत्री तेथे आहे. शिंद्यांच्या रानातून निघालेले चित्ते होळकरांच्या रानात आले, आणि या वेळी त्यासाठी लढाई करावी लागली नाही!

आता माझे उत्तर. जाताना मोटारीने जावे. पहाटे निघावे, शिवपुरीस मुक्काम करावा, आजींना छत्री दाखवावी, तात्या टोप्यांच्या पुतळ्यापाशी दोन मिनिटे उभे राहावे, आणि दुसऱ्या दिवशी पोहरीवरून रानात शिरावे. चित्ता दिसेलच असे कोणी सांगू नये. तो दिसला नाही तरी फेरी फुकट गेली असे म्हणू नये. परतताना आजी थकल्या असतील तर त्यांना आणि सोबत एकाला ग्वाल्हेरहून विमानात बसवावे. वृद्धांच्या हाडांना इतिहासापेक्षा विश्रांती अधिक लागते, आणि त्या कामी विमानास तोड नाही. म्हणजे चिरंजीवांचेही राहिले आणि वडिलांचेही.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. विमान आणि मोटार यांखेरीज इंदूरहून कुनोकडे जाणारी एक तिसरी वाटही आहे, ती पाण्याची. महूजवळच्या जानापावच्या डोंगरात चंबळा उगम पावते. इंदुरात होळकरांच्या छत्र्यांखालून वाहणारी खान नदी क्षिप्रेस मिळते, आणि क्षिप्रा चंबळेस. ते पाणी गांधीसागरात साठते, तेथून उत्तरेस वळते, आणि पुढे श्योपूरच्या बाजूस कुनो नदी येऊन त्यास मिळते. आपण आपल्या खान नदीत जे सोडतो, ते त्याच प्रवाहास लागते. तेव्हा उद्यानास जाणे आपण आज ठरविले असले, तरी आपल्या अंगणातील पाणी केव्हापासून त्या वाटेने चालले आहे. ते कसे पाठवावयाचे, एवढे मात्र विमानाने जाणाऱ्यांनी आणि मोटारीने जाणाऱ्यांनी मिळूनच ठरवावयाचे आहे.