नावं न फोडणारं घर

1863 साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गावात जाहिराती चिकटवल्या: विधवांनी इथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं की इथेच ठेवावं ते तिच्या मर्जीवर.

मला त्यातलं ‘गुपचूप’ सगळ्यात मोठं वाटतं. सुईण काय, कुठेही मिळाली असती. पण नाव फुटलं की त्या बाईपुढे विहीर, नाहीतर बाळाचा गळा, एवढंच उरायचं. 1884 मध्ये जोतीरावांनी सरकारला कळवलं की आतापर्यंत 35 विधवा येऊन गेल्या. यशवंतची आई काशीबाई सोडली, तर त्यातल्या बहुतेकींची नावं आजही आपल्याला ठाऊक नाहीत.

आणि आम्ही? एका संस्थेत असताना मी बालगृहातल्या मुलींचा फोटो देणगीदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, नावांसकट. कौतुकाने हो! बाल न्याय कायदा, 2015 चं कलम 74 मी तोवर वाचलंही नव्हतं. फोटो फिरत फिरत कुठे गेला कोण जाणे. चौथ्या दिवशी एकीचा मामा फाटकात उभा. त्याच्यापासून लपवायलाच तिला आमच्याकडे आणलं होतं.