खेळाचा अधिकारी कोण?

प्रत्येक विद्येच्या इतिहासात केव्हा ना केव्हा अधिकाराचा प्रश्न उभा राहतो. जिने वर्षानुवर्षे साधना मागितली आणि ज्यांनी ती केली तेच तिचे अधिकारी, की केवळ आनंदासाठी दाराशी आलेला मनुष्यही? आपल्या नातवंडांच्या हाती असलेल्या व्हिडिओ गेमलाही हा वाद चुकलेला नाही. त्या जगात कसलेल्या खेळाडूंस ‘हार्डकोअर’ आणि घटकाभर विरंगुळ्यासाठी खेळणाऱ्यांस ‘कॅज्युअल’ म्हणतात. या दुसऱ्या शब्दास बहुधा उपेक्षेचा वास असतो.

हा भेद पुष्कळ अंशी उपकरणाने निर्माण केला. १९८३ साली जपानात आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्राच्या मुख्य कंट्रोलरवर दिशेच्या कळीखेरीज चारच बटणे होती. पुढील वीस वर्षांत बटणे वाढली, त्यांत दोन दांड्यांची भर पडली. बालपणापासून सराव असलेल्या बोटांस हे ओझे जाणवले नाही; नवख्यास मात्र तो कंट्रोलर परकी लिपीच वाटू लागला.

निन्टेंडो ही क्योतो नगरीतील संस्था १८८९ साली पत्ते बनविण्यासाठी स्थापन झाली. २००२ साली तिचे अध्यक्षपद सातोरू इवाता यांच्याकडे आले. त्याच खेळाडूंसाठी प्रतिस्पर्ध्यांशी झुंजण्यापेक्षा खेळणाऱ्यांची संख्याच वाढवावी, असे त्यांनी ठरविले. नोव्हेंबर २००६ मध्ये ‘वी’ हे यंत्र आले. त्याचा कंट्रोलर दूरदर्शन संचाच्या रिमोटसारखा, एका हातात मावणारा होता. हाताच्या हालचालीचा वेग कसा बदलतो हे आतील संवेदक ओळखे आणि संचाजवळच्या पट्टीतील अवरक्त दिव्यांवरून रोख कोठे आहे ते कळे. टेनिस खेळताना रॅकेट फिरवावी तसा हात फिरवला की झाले! आजीआजोबा नातवंडांबरोबर खेळू लागले; अमेरिकेतील वृद्धाश्रमांतही या यंत्रावर बोलिंगचे डाव रंगले. आधीचे गेमक्यूब यंत्र सुमारे २ कोटी १७ लाख खपले होते. वी १० कोटींहून अधिक खपले.

कसलेल्या खेळाडूंनी नाके मुरडली. मनगटाच्या एका झटक्यानेही चेंडू परततो, मग कौशल्य कसले, हा त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. हात नेमका किती वळला हे यंत्रास नीट कळत नसे. २००९ साली जायरोस्कोपची जोड देऊन ही उणीव बरीच भरून काढण्यात आली. २०१० मध्ये सोनीने ‘मूव्ह’ व मायक्रोसॉफ्टने ‘किनेक्ट’ आणले. पण लाट लवकरच ओसरली. सहज खेळणारी मंडळी मोबाइलकडे वळली. २०१२ चे ‘वी यू’ जेमतेम १ कोटी ३५ लाख खपले आणि २०१७ मध्ये किनेक्टचे उत्पादन थांबले.

तेव्हा हा प्रयोग फसला म्हणावे काय? २०१५ च्या ‘स्प्लाटून’ या खेळात कंट्रोलर कलवून नेम साधता येतो आणि निष्णात खेळाडू नेमक्या त्याच सोयीचा आश्रय घेतात. नवख्यांसाठी निघालेली युक्ती अखेर निष्णातांच्या कामी आली. कीर्तनास रागज्ञानी बसतो आणि टाळीपुरता आलेलाही बसतो. बुवांची खरी कसोटी दोघांना शेवटपर्यंत बसविण्यात असते. वीने दार सताड उघडले, परंतु आत आलेल्यांपैकी पुष्कळांना पुढची पायरी दाखविली गेली नाही. लोक आले तसे गेले, त्याचे कारण त्यांच्या अनधिकारापेक्षा या उणिवेत अधिक शोधावे लागेल.