दगड, गाव आणि कंपायलर

सोन्याचा कस बघायला सोनार ते ज्या काळ्या दगडावर घासतो, त्या दगडाचंच नाव कसोटी. संगणकांच्या वेगाची पहिली गाजलेली कसोटीही दगडाच्या नावाची निघाली. फक्त हा दगड सुरीला धार लावायचा: व्हेटस्टोन. आणि नाव आलं तेही दगडावरून नाही, एका गावावरून.

इंग्लंडात लेस्टरजवळच्या व्हेटस्टोन गावी इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचा अणुऊर्जा विभाग होता. तिथे अल्गोल 60 या भाषेसाठी एक कंपायलर तयार झाला. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल असा उतरवून देणारा दुभाषा. त्याला गावाचं नाव चिकटलं. पुढे नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या ब्रायन विकमन यांनी याच कंपायलरच्या मदतीने प्रोग्रॅममध्ये कोणती आज्ञा किती वेळा येते याची मोजदाद केली आणि त्या प्रमाणात बसणारी 42 साधी विधानं तयार केली. ती गुंफून हॅरॉल्ड कर्नो यांनी 1972 मध्ये कसोटी लिहिली. म्हणजे प्रोसेसर मोजायच्या या मापाच्या नावातच कंपायलर बसलेला आहे!

गंमत तिथेच सुरू झाली. कर्नोंचा प्रोग्रॅम फोरट्रान भाषेत नेला, तेव्हा आयबीएमच्या हुशार कंपायलरने पाहिलं की बरीचशी गणितं होतात, पण त्यांची उत्तरं कुठेच छापली जात नाहीत. मग ती करायची कशाला? त्याने ती सरळ गाळून टाकली. कर्नोंना प्रोग्रॅम नव्याने बांधावा लागला.

1984 मध्ये राइनहोल्ड वाइकर यांनी पूर्णांकांच्या कामासाठी दुसरी कसोटी काढली. व्हेटस्टोनमधल्या ‘व्हेट’चा उच्चार ओल्या अर्थाच्या ‘वेट’सारखा, म्हणून हिचं नाव कोरडं, ‘ड्राय’वरून ड्रायस्टोन. कोटी बरी होती, कसोटी मात्र जुन्याच खड्ड्यात पडली. तिच्यात 30 अक्षरांची एक ओळ पुन्हा पुन्हा नकलायची असते. साधा कंपायलर एकेक अक्षर उचलतो आणि ‘ओळ संपली का?’ हे दर वेळी तपासतो. चलाख कंपायलरला लांबी आधीच ठाऊक, तो चार-चार अक्षरांचे गठ्ठे उचलून मोकळा होतो. चिप तीच, घड्याळ तेच, आकडा मात्र फुगलेला. 1988 मध्ये वाइकर यांनी कसोटीची सुधारित आवृत्ती काढली. तिच्यात शेवटी उत्तरं छापून घेतली, म्हणजे गाळायला निमित्त उरू नये.

त्याच वर्षी कंपन्यांनी मिळून स्पेक ही संस्था काढली. खरे प्रोग्रॅम घ्यायचे, निकालासोबत कंपायलर आणि त्याचे स्विच, म्हणजे त्याला दिलेल्या सूचना, जाहीर करायचे, असा तिचा दंडक. तरी तिच्या पहिल्या संचातल्या मॅट्रिक्स300 या प्रोग्रॅमचा जवळजवळ सगळा वेळ एकाच ओळीत जात होता. कंपायलरवाल्यांनी त्या ओळीतला गुणाकार कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या छोट्या पण जलद स्मृतीत, मावेल अशा तुकड्यांत पाडला आणि आकडे कित्येक पटींनी उसळले. 1992च्या संचातून तो प्रोग्रॅम वगळला गेला. पुढे निकालाचे दोन प्रकार झाले: ‘बेस’मध्ये एका भाषेच्या सगळ्या प्रोग्रॅमना सारखेच स्विच, ‘पीक’मध्ये ज्याला जसं हवं तसं. विकणारे अर्थातच पीक मिरवतात. घेणाऱ्याने बेस बघावा.

2024 मध्येही स्पेकने इंटेलच्या कंपायलरवर घेतलेले 2,600हून अधिक निकाल अमान्य ठरवले. एका प्रोग्रॅमचा कोड आणि त्याला दिली जाणारी माहिती आधीच ओळखून कंपायलर खास त्याच्यासाठीच वळण घेत होता, हे कारण. निकालांची पानं काढून टाकली नाहीत. तसा शेरा मात्र त्यांच्यावर मारला.