शेरीफ आणि त्याचे दप्तर

मुंबईत किंवा कलकत्त्यात ज्यांचे वास्तव्य झाले आहे त्यांना 'शेरीफ' हा शब्द नवखा नाही. इंग्रजांनी हे पद या शहरांत आणले. पुढे त्यातील अधिकार गळून गेला आणि मान तेवढा उरला. दिलीपकुमार व सुनील गावसकर यांनी मुंबईचे शेरीफपद भूषविले ते काही चोर पकडण्यासाठी नव्हे. अमेरिकेत मात्र शेरीफ म्हणजे कौंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या मुलुखाचा, खराखुरा पोलीस अधिकारी होय.

या शब्दाचे मूळ जुन्या इंग्लंडात सापडते. 'शायर' म्हणजे परगणा आणि 'रीव्ह' म्हणजे कारभारी. राजाचा वसूल गोळा करणे, आरोपींना न्यायासनापुढे उभे करणे आणि प्रसंगी गावकऱ्यांना हाक देऊन गुन्हेगाराच्या पाठलागास लावणे ही त्याची कामे. आपल्याकडील मामलेदार आणि फौजदार एकाच अंगरख्यात कोंबावे, तसा हा प्रकार होता. त्याची जुलूमजबरदस्ती इतकी वाढली की 1215 च्या मॅग्ना कार्टामध्ये अनेक कलमे त्याला वेसण घालण्यासाठी लिहावी लागली. 1634 मध्ये व्हर्जिनिया वसाहतीचे आठ शायर पाडण्यात आले आणि त्यांच्याबरोबर हे पदही अटलांटिकपार रुजले. पुढे अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ते लोकांच्या मतांवर अवलंबून राहिले.

या पदाचे अर्वाचीन रूप पाहायचे तर वॉशिंग्टन राज्यातील किंग कौंटीकडे वळावे. सिएटल शहर याच कौंटीत आहे. तेथील शेरीफच्या हाताखाली श्वानपथक आहे, जलपथक आहे, हेलिकॉप्टर आहे, सुरुंग निकामी करणारे लोक आहेत; डोंगरात वाट चुकलेल्यांचा शोधही तेच घेतात. परंतु या कचेरीचे नाव इतिहासात राहील ते गंभीर गुन्ह्यांच्या तपासामुळे, आणि तो तपास पुष्कळसा कागदांवर झाला आहे.

1974 साली या भागातून तरुण मुली एकामागून एक नाहीशा होऊ लागल्या. 14 जुलै रोजी लेक समॅमिश या तळ्याकाठच्या उद्यानातून एकाच दिवशी दोघी गेल्या. 'टेड' हे नाव आणि फोक्सवॅगन गाडी एवढेच काय ते साक्षीदारांना आठवत होते. त्यावर नावांचा असा पूर आला की माणसाच्या नजरेला तो झेपेना. तेव्हा रॉबर्ट केपेल या तपासनिसाने कौंटीचा पगारपत्रके करणारा संगणक मागून घेतला. गाडीमालकांची यादी, मृत मुलींच्या सहाध्यायांची यादी, टेड नावाच्या माणसांची यादी, अशा अनेक याद्या त्याने एकमेकींशी ताडून पाहिल्या. हजारो नावांपैकी चार याद्यांत आढळणारी नावे निघाली 26. त्यांत टेड बंडीचे नाव होते. 1975 च्या ऑगस्टमध्ये युटा राज्यात तो पकडला गेला तेव्हा ते या कचेरीच्या टेबलावर आधीच येऊन पडले होते. वेतनबिलांच्या यंत्राने एवढे मोठे काम केल्याचे वाचून आम्हा कारकुनी पेशातल्या माणसांना थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य समजावा.

दुसरी कथा अधिक दीर्घ आणि अधिक दुःखाची आहे. 1982 च्या जुलैपासून ग्रीन नदीत व तिच्या आसपास तरुण स्त्रियांची प्रेते सापडू लागली. त्यांपैकी बहुतेक गरीब, घर सोडून आलेल्या, रस्त्यावर पोट भरणाऱ्या. अशांची चौकशी करणारे जगात थोडेच असतात. 1984 च्या जानेवारीत खास तपास पथक उभे राहिले. त्याच वर्षी गॅरी रिजवे नावाचा एक रंगारी असत्यशोधक यंत्राच्या चाचणीतून सहीसलामत सुटला. तरी संशय गेला नाही, म्हणून 1987 मध्ये त्याच्या घराची झडती झाली आणि त्याच्या लाळेचा नमुना घेण्यात आला. त्या काळच्या विज्ञानाला त्यातून काही वाचता येईना. पैसा आटला, पथक विरळ होत गेले, लोक विसरले. नमुना मात्र कोणी फेकून दिला नाही.

1982 साली जो डेव्ह रायकर्ट या प्रकरणात साधा तपासनीस होता, तोच पुढे शेरीफ झाला. 2001 मध्ये नव्या डीएनए पद्धतीने तो जुना नमुना तपासला गेला आणि मृत स्त्रियांच्या देहांवर सापडलेल्या अंशांशी जुळला. 30 नोव्हेंबर 2001 रोजी रिजवेला अटक झाली. 2003 मध्ये त्याने 48 खुनांची कबुली दिली. त्या बदल्यात फाशी टळली आणि उरलेल्या देहांच्या जागा दाखविण्याचे त्याने मान्य केले. हा सौदा न्याय्य होता काय, यावर मतभेद आहेत. आमचे मत विचाराल तर, ज्या मातेला मुलीच्या अस्थी मिळाल्या तिला तो प्रश्न आधी विचारावा.

तपासाचे शास्त्र आपल्यालाही परके नाही. 1897 मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे दप्तर स्थापन झाले. अझीझुल हक व हेमचंद्र बसू यांनी त्या ठशांच्या वर्गीकरणासाठी परिश्रम घेतले, आणि 1901 मध्ये ती पद्धत स्कॉटलंड यार्डात गेली. ठसे घेणे सोपे; हजारोंतून हवा तो ठसा काढता येईल अशी मांडणी करणे कठीण.

किंग कौंटीत शेरीफ निवडलेला असावा की नेमलेला, हा वाद अद्याप चालतो. 1969 च्या सुमारास तेथे नेमणुकीची पद्धत आली, 1996 मध्ये मतदारांनी निवडणूक परत आणली आणि 2020 मध्ये पुन्हा नेमणुकीच्या बाजूने कौल दिला. प्रमुख कसाही येवो, त्याच्या पाठीमागचे कपाट टिकले पाहिजे. नदीकाठच्या त्या प्रकरणातील अस्थींची ओळख पटविण्याचे काम 2024 च्या जानेवारीपर्यंत चालू होते. चाळीस वर्षे केवळ क्रमांक म्हणून नोंदलेल्या मुलींना त्यातून आपापली नावे परत मिळाली. हे ज्यांनी शक्य केले त्यांत बिल्ला लावणारे होते, तसे चिठ्ठी लावून बाटली जागेवर ठेवणारेही होते.