मंगळूरचे साडेसहा तास

बेळगावच्या माणसाचा समुद्र म्हणजे वेंगुर्लं. आंबोलीचा घाट उतरून गेलं की बंदर, आणि एके काळी बेळगावचा माल तिथूनच बोटीवर चढायचा. माझ्या आजेसासूबाई लग्नानंतर एकदा वेंगुर्ल्याहून आगबोटीनं मुंबईला गेल्या होत्या. बोट लांब खोल पाण्यात उभी असायची, माणसांना पडावातून तिच्यापर्यंत न्यायचे, आणि लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी बखोटीला धरून शिडीवर चढवायचे. वाटेत मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी अशी बंदरं लागली. "काय काय बघितलंत?" असं विचारलं की त्या म्हणायच्या, "बघायचं काय? बंदर आलं की डोळे मिटून णमोकार म्हणायचा."

त्यांच्या सुनेला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, पंचाहत्तरी पूर्ण झाल्याबद्दल नातवानं परदेशातून क्रूझची तिकिटं पाठवली. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. बरोबर मी आणि माझी धाकटी जाऊ. मुंबईहून निघायचं, मुरगाव, नवमंगळूर, कोची करत कोलंबोला उतरायचं. बारा मजल्यांचं जहाज, आत पोहण्याचा तलाव, संध्याकाळी पियानो. अक्कांनी पहिल्या दिवशी खोलीतला नळ सोडून पाहिला, पिशवीतून पांढरं फडकं काढलं आणि पाणी गाळून ठेवलं. मग म्हणाल्या, "झालं. आता कुठंबी न्या."

जेवणाची व्यवस्था मी आधीच लावली होती. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, जमिनीखालचं काहीच नको, हे आदल्या दिवशी लिहून दिलं की दुसऱ्या दिवशी वेगळं ताट मिळतं. अडचण वेळेची होती. मोठ्या भोजनगृहातली लवकरची पाळीसुद्धा सूर्य बुडाल्यावर. त्यामुळं आमचं रात्रीचं जेवण पाच वाजता वरच्या डेकवर, लोक चहा पीत असताना. हे सांगायचं कारण, आमच्या सगळ्या बेताचं शेवटचं टोक तिथं बांधलेलं होतं. पाचला अक्कांच्या पुढ्यात ताट पाहिजे.

मुरगावचा दिवस आम्ही घालवला. घालवला असंच म्हणायला पाहिजे. जहाजातर्फे जी सहल असते ती घेतली. बसमध्ये बसा, उतरा, चढा. जुन्या गोव्याची दोन मोठी चर्चेस झाली, मग मसाल्याची बाग, तिथं जेवण, आणि त्या जेवणात आम्हाला चालेल असा फक्त भात. गोव्यात कदंबांच्या काळापासून आपली वस्ती होती, बांदिवड्याला नेमिनाथाच्या बसदीचे अवशेष अजून उभे आहेत, हे मला ठाऊक होतं. वाटाड्याला विचारलं तर तो म्हणाला, "ते कार्यक्रमात नाही, मॅडम." बरोबर आहे. कार्यक्रम आम्ही केलेलाच नव्हता.

त्या रात्री जहाज दक्षिणेला निघालं आणि आम्ही तिघी पलंगावर कागद पेन्सिल घेऊन बसलो. बंदराच्या दिवसाचा हिशेब उलटा करायचा असतो हे तेव्हा कळलं. छापील पत्रकात लिहिलेलं असतं, आगमन आठ, प्रस्थान पाच. म्हणून नऊ तास मिळतात असं वाटतं. तसं नसतं. जहाज धक्क्याला लागून कागदपत्रं होईपर्यंत नऊ वाजतात, बंदराच्या आवारात पायी फिरू देत नाहीत, त्यांच्या बसनं फाटकापर्यंत यायचं, तोवर साडेनऊ. परतायची शेवटची वेळ चार. राहिले साडेसहा तास. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपण आपली गाडी करून गेलो आणि उशीर झाला, तर धक्क्यावर उभं राहून जहाज जाताना बघायचं. म्हणून लांबचं ठिकाण आधी, जवळचं नंतर, आणि मोकळा एक तास हाताशी. पासपोर्टची प्रत, जहाजाच्या तिथल्या प्रतिनिधीचा फोन नंबर आणि अक्कांची गोळी, हे पर्समध्ये नाही तर अंगावर.

आता साडेसहा तासांत जायचं कुठं? जाऊबाईंना काजूचा कारखाना आणि मंगळूरचं आइस्क्रीम पाहिजे होतं. अक्कांना मूडबिद्री आणि कारकळ. मला उल्लाळ.

उल्लाळ का, ते जरा सविस्तर सांगते. नेत्रावती नदी समुद्राला मिळते तिथं दक्षिण काठावर हे गाव. तुळुनाडावर जी लहान लहान जैन घराणी राज्य करत, त्यातलं एक चौटांचं. त्यांची गादी मूडबिद्रीकडची, आणि बंदर उल्लाळचं. या घराण्यात अळियसंतान चाले, म्हणजे वारसा बहिणीच्या लेकरांकडे जाई. त्यामुळं मुलगी गादीवर बसणं हे तिथं नवल नव्हतं. अशी बसलेली अब्बक्का. तिनं पोर्तुगीजांना खंडणी द्यायचं नाकारलं. मिरी आणि तांदूळ यांचा व्यापार कोणाशी करायचा हे आमचं आम्ही ठरवू, असा तो वाद. 1568 साली गोव्याचा व्हाइसरॉय आंतांव द नोरोन्या स्वतः आरमार घेऊन उल्लाळवर आला आणि मंगळूरला त्यानं किल्ला बांधायला घेतला. गोव्याहून मंगळूर, म्हणजे आमचं जहाज त्या रात्री ज्या पाण्यातून चाललं होतं तेच पाणी. राणी निसटली, मशिदीत लपली, दोनेकशे माणसं जमवून रात्री उलटली, पेटते बाण तिनं सोडले, हे तिकडच्या लोककथेत आणि यक्षगानात आहे. कागदावर तेवढं सगळं सापडत नाही. पण पोर्तुगीजांना एवढ्याशा बंदरापायी पुन्हा पुन्हा यावं लागलं, हे त्यांच्याच कागदांवरून दिसतं.

मला खरी ओढ मात्र दुसऱ्याच एका पाहुण्यामुळं. पिएत्रो देला वाले नावाचा रोमचा सरदार 1623 साली गोव्याहून समुद्रानं होन्नावरला उतरला, गेरसोप्प्यावरून घाट चढून इक्केरीच्या वेंकटप्पा नायकाच्या दरबारी गेला आणि परत किनाऱ्याला मंगळुरास आला. इराणात वारलेल्या बायकोचा देह पेटीत घालून तो बरोबर वागवत होता, पुढं रोमला नेऊन पुरला. (आमच्या सामानाबद्दल कुरकुर करणाऱ्या दिरांना मी हे सांगितलं.) या माणसाला काही विकायचं नव्हतं, काही जिंकायचं नव्हतं. मुलूख बघायचा होता, आणि उल्लाळची राणी बघायची होती. ती भेटली राजवाड्यात नाही, रस्त्यावर. पाण्याचा चर खणायचं काम चाललं होतं, त्यावर ती उभी. अनवाणी, कमरेला साधं सुती वस्त्र, खांद्यावर दुसरं, डोक्यावर ताडपानाची छत्री धरलेली. राणीपेक्षा कामवालीच वाटावी असा तिचा अवतार, असं त्यानं लिहिलंय. पण ती बोलायला लागल्यावर त्याचं मत बदललं. कुठून आलात, कोणकोणते राजे पाहिलेत, असं तिनं दुभाष्यामार्फत त्याला विचारलं. नवऱ्याशी, म्हणजे मंगळूरच्या बंग राजाशी, तिचं पटलं नव्हतं आणि काडीमोड घेताना तिनं त्याचे दागिने परत पाठवले, हेही त्यानं ऐकून टिपून ठेवलंय.

आता 1568 ला लढणारी आणि 1623 ला चर खणवून घेणारी बाई एकच का? मला नाही वाटत. मधे पंचावन्न वर्षं आहेत. अब्बक्का एकीहून अधिक होत्या, आई आणि मग लेक, असं मानणारे अभ्यासक आहेत, आणि आईकडून वारसा चालणाऱ्या घरात ते सहज पटतं. आपण मात्र सगळ्यांची मिळून एक केली, तिच्या हातात तलवार दिली, 2003 साली टपाल खात्याचा विशेष लिफाफा काढला, 2012 साली तटरक्षक दलाच्या जहाजाला तिचं नाव दिलं. चांगलंच झालं. पण चरावर उभी असलेली ती अनवाणी बाई लिफाफ्यावर येत नाही, आणि मला तिची जागा बघायची होती.

अक्कांचं म्हणणं वेगळं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी त्या बेळगावच्या यात्रेबरोबर मूडबिद्री-कारकळला गेल्या होत्या. कडेवर माझे यजमान, दहा महिन्यांचे, तापानं फणफणलेले. कारकळला सगळे डोंगर चढून बाहुबलीच्या पायाशी गेले. या खाली झाडाखाली बसून राहिल्या. बेचाळीस फुटांची मूर्ती, 1432 सालची, वीर पांड्यानं उभारलेली. खालून तिचं मस्तक आणि खांदे दिसतात. तेवढंच दर्शन त्यांना झालेलं.

मी कागदावर आकडे मांडले. बंदर मंगळूर शहराच्या उत्तरेला पणंबूरला. मूडबिद्री शहरापासून सुमारे पस्तीस किलोमीटर आत, कारकळ तिथून आणखी अठरा. उल्लाळ बरोबर उलट्या दिशेला, शहर ओलांडून, नेत्रावतीचा पूल ओलांडून. मूडबिद्री आणि कारकळ केलं, अक्कांच्या गुडघ्यांनी पायऱ्या चढल्या, तर फाटकावर पावणेचार. मूडबिद्री आणि उल्लाळ केलं तर पुलावरच्या गर्दीवर भरवसा. कुठंही मोकळा तास उरत नव्हता. जाऊबाई म्हणाली, "मूडबिद्री नीट करूया की. काजू कोचीत मिळतील."

मी गप्प बसले. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. उल्लाळसाठी मी दोन महिने वाचन केलं होतं. अक्का बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "त्या तुझ्या राणीचं माहेर कुठलं म्हणालीस?"

"चौटांचं. मूडबिद्रीचं."

"मग तिच्या माहेरी जाऊया. कारकळचा मी खालनं बघितलाय. उल्लाळ तू समुद्रातनं बघ."

मूडबिद्रीला पोचायला पावणेअकरा झाले. साविर कंबद बसदी, हजार खांबांची, 1430 सालची. आतला एक खांब दुसऱ्यासारखा नाही म्हणतात, आणि पाहिल्यावर पटतं. समोरचा मानस्तंभ नागलादेवी राणीनं उभारलेला. अक्का चंद्रनाथांपुढं बसल्या त्या अर्धा तास उठल्या नाहीत. मी बाहेर भैरादेवी मंडपाच्या पायाशी कोरीव काम बघत होते. तिथं जिराफ आहे आणि चिनी पद्धतीचा ड्रॅगन आहे. इतक्या आत, नारळी-पोफळीत, जिराफ कुठून आला? आमच्यासारखाच आला, बंदरातून. ज्या व्यापाऱ्यांच्या पैशावर ही बसदी उभी राहिली, त्यांनी तो पाहिला असेल, नाही तर पाहणाऱ्याकडून ऐकला असेल.

गुरुबसदीत जाताना अक्कांना मी लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगितली. धवल, जयधवलच्या ताडपत्री पोथ्या इथंच होत्या, आणि शतकानुशतकं फक्त दर्शनापुरत्या बाहेर येत. सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंदांसारख्यांनी खटपट केली तेव्हा 1896 च्या सुमारास नकला सुरू झाल्या. नकलाकार पंडित गजपती शास्त्री. दिवसा अधिकृत प्रत होत होती, आणि घरी त्यांची पत्नी लक्ष्मीबाई गुपचूप कन्नड लिपीत दुसरी प्रत उतरवण्यात हातभार लावत होती. त्या गुप्त प्रतीमुळंच ग्रंथ मूडबिद्रीबाहेर पडला आणि 1939 पासून अमरावतीहून छापून येऊ लागला. योग्य की अयोग्य, यावर आम्हा तिघींचं एकमत झालं नाही. अक्का म्हणाल्या, "चोरीच की ती." मग चार पावलं चालून, "अक्षर चांगलं असंल बाईचं."

चौटांचा वाडा बसदीपासून जवळच आहे. कौलारू, बाहेरून साधा. वंशज अजून राहतात, म्हणून विचारून आत गेलो. आतले लाकडी खांब बघण्यासारखे. एकावर पाच बायका एकमेकींत गुंफून घोडा केलेला, दुसऱ्यावर नऊ बायकांचा मिळून हत्ती. अक्कांनी बोटानं मोजल्या. "आठच भरतात." परत मोजल्या. नववी सोंडेत सापडली. ज्या घरातली पोर पुढं उल्लाळला गेली, त्या घरातले खांब तिनं हेच पाहिले का, ते सांगता येणार नाही. वाडा नंतरही बांधला-मोडला गेला असेल. पण मी खांबाला हात लावला.

दीडला निघालो, पावणेतीनला फाटकावर. तो मोकळा तास उरला तो उरलाच. जाऊबाईंनी त्यात फाटकाबाहेर नारळपाणी पाजलं आणि आइस्क्रीमवरून अजून बोलून दाखवते.

पाचला जहाज सुटलं. अक्का वरच्या डेकवर ताट घेऊन बसल्या होत्या, चपाती, दुधीची भाजी, वरण. जहाज बाहेर येऊन दक्षिणेला वळलं. उन्हं कलली होती. डाव्या हाताला आधी शहराच्या उंच इमारती, मग नदीच्या मुखाची फट, आणि त्याच्या पलीकडं माडांची काळसर रेघ. मी फोनवरच्या नकाशात बघितलं. उल्लाळ. नोरोन्याच्या गलबतांना हे असंच दिसलं असणार, सपाट आणि गप्प, आत कोण आहे ते काही न कळू देणारं.

"हेच का?" अक्कांनी विचारलं.

"हेच."

त्यांनी घास हातात धरून थोडा वेळ तिकडं बघितलं. मग सूर्याकडं बघितलं आणि भराभरा जेवायला लागल्या.