निरोप खात्यातच राहिला

२६ डिसेंबर २००४, रविवार. नाताळचा दुसरा दिवस आणि मार्गशीर्ष पौर्णिमा. महाराष्ट्रात दत्तजयंतीची धांदल होती. वसई, मुंबई, गोव्याकडूनही जिथे भाविक जातात त्या तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वेळांकण्णीच्या चर्चला नाताळच्या गर्दीने वेढले होते. दिल्लीत सुट्टी होती. पुढचा सगळा हिशोब चेन्नई बंदरातल्या भरती-ओहोटी मापकावरून मांडला आहे. त्या यंत्रावर त्सुनामीची पहिली लाट उमटली सकाळी ९:०५ वाजता.

सकाळी ६:२९. उरली १५६ मिनिटे.

सुमात्राच्या पश्चिमेला समुद्रतळ फाटला. फाटत फाटत ही चीर उत्तरेला निकोबार आणि अंदमानपर्यंत पोहोचली. लांबी बाराशे किलोमीटरच्या वर. चेन्नईत भांडी हलली, माणसे पायजम्यावरच रस्त्यावर आली, थोडा वेळ थांबून घरात परतली.

भूकंपाची नोंद ठेवणे हे तेव्हा हवामान खात्याचे काम होते. त्सुनामी मात्र कुठल्याच खात्याच्या कामात मोडत नव्हती. असे काही आपल्याकडे घडतच नाही, असा समज होता. तो समज सरकारच्याच दप्तराशी विसंगत होता. १८८१च्या डिसेंबरात कार निकोबारजवळच्या भूकंपाने उठलेल्या लाटा सर्व्हे ऑफ इंडियाच्या मापकांनी मद्रासपर्यंत टिपल्या होत्या. १९४५च्या नोव्हेंबरात मकरान किनाऱ्यावरच्या भूकंपाची लाट थेट मुंबईत शिरली होती आणि माणसे घेऊन गेली होती.

खात्यांकडे त्या सकाळी काय काय होते? हवाई दलाची स्वतःची संदेशयंत्रणा होती, नौदलाची वेगळी, रेल्वेची वेगळी. प्रत्येक राज्याच्या पोलिसांचे बिनतारी जाळे होते. जिल्ह्याजिल्ह्यातल्या कलेक्टर कचेऱ्या उपग्रहाने जोडणारे निकनेट १९८०च्या दशकापासून चालू होते. हवामान खात्याने किनाऱ्यावर चक्रीवादळाच्या इशाऱ्यासाठी सुमारे अडीचशे खास ग्राहक संच बसवले होते. इन्सॅट उपग्रहामार्फत संकेत गेला, की कचेरीत ठेवलेला तो संच आपोआप जागा व्हायचा, भोंगा वाजायचा आणि स्थानिक भाषेत इशारा ऐकू यायचा. आंध्रने १९७७च्या वादळात हजारो माणसे गमावली होती. त्यानंतरच्या वर्षांत उभारलेली ही यंत्रणा खरोखर चांगली होती. हे संच त्या रविवारी सकाळीही किनाऱ्यावर जागच्या जागी होते.

६:४४. उरली १४१ मिनिटे.

हवाई बेटांवरच्या पॅसिफिक त्सुनामी केंद्राने पहिले पत्रक काढले. तीव्रता ८.०, पॅसिफिक महासागराला धोका नाही. भारत त्या यंत्रणेचा सदस्य नव्हता. पुढचे पत्रक ७:३४ला निघाले, त्यात तीव्रता ८.५ झाली. किनाऱ्यावर माणसे मेल्याचे त्या केंद्राला साधारण ९च्या सुमारास कळले, तेही इंटरनेटवरच्या श्रीलंकेच्या बातमीतून.

सातच्या आगेमागे.

कार निकोबारच्या हवाई दल तळावर पाणी शिरले. धावपट्टी समुद्राला लागून, जवानांची कुटुंबे राहायची ती घरेही किनाऱ्यालगत. सुट्टीची सकाळ, मुले घरात. हवाई दलाचे जवान आणि त्यांचे कुटुंबीय मिळून शंभराहून अधिक माणसे तिथे गेली. बेटावरच्या निकोबारी गावांमध्ये तर मोजदादच राहिली नाही. सार्वजनिक टेलिफोन बंद पडले. ही बेटे तेव्हा मुख्य भूमीशी समुद्राखालच्या तारेने जोडलेली नव्हती, सगळा भार उपग्रहावर होता.

७:३०. उरली ९५ मिनिटे.

अंदमान-निकोबारजवळ मोठा भूकंप झाल्याचे चेन्नईकडच्या हवाई दलाच्या तुकडीकडून दलप्रमुखांना कळले. तेव्हाचे दलप्रमुख होते एअर चीफ मार्शल एस. कृष्णस्वामी. त्यांनी पुढे चारच दिवसांत वर्तमानपत्राला त्या सकाळची वेळवार हकीकत सांगितली, म्हणून आज ही साखळी जोडता येते. कार निकोबारच्या तळाशी असलेले नेहमीचे दुवे तुटले होते.

७:५०. उरली ७५ मिनिटे.

या मिनिटापाशी मी सगळ्यात जास्त थांबतो.

कार निकोबारहून एचएफ संचावर शेवटचा निरोप आला. बेट बुडते आहे, सगळीकडे पाणी आहे, असा त्याचा आशय होता. घाबरलेल्या माणसाने वाढवून सांगितलेली ही गोष्ट नव्हती. भूकंपाने कार निकोबारचा किनारा खरोखरच मीटरभर खाली गेला होता.

एचएफ म्हणजे हाय फ्रिक्वेन्सी, बिनतारी संदेशाची जुनी पद्धत. या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आदळून परत खाली येतात, म्हणून मध्ये एकही मनोरा, एकही एक्स्चेंज, एकही तार लागत नाही. एक संच, एक बॅटरी, एक लांब तार अँटेना म्हणून, आणि हजार-पंधराशे किलोमीटरवर ऐकणारा दुसरा संच. आवाज खरखरीत येतो, मध्येच विरतो, पण येतो. ज्या बेटावर टेलिफोन एक्स्चेंज उरले नव्हते, तिथून शब्द बाहेर पडले ते केवळ हवाई दलाकडे स्वतःचा संच आणि तो चालवायला तयार असलेला माणूस होता म्हणून. सरकारी खात्यांनी स्वतःचे दूरसंचार जाळे कशाला बाळगावे, खासगी कंपन्यांकडून भाड्याने घ्यावे, असे अलीकडे सर्रास म्हटले जाते. असे म्हणणाऱ्यांनी ७:५०चा हा निरोप वाचावा. सार्वजनिक टेलिफोन तोवर बंद पडले होते.

आता दुसरी बाजू. खोल समुद्रात ही लाट ताशी सातशे-आठशे किलोमीटरने धावते, जवळजवळ प्रवासी विमानाच्या वेगाने. कार निकोबार ते चेन्नई अंतर साधारण चौदाशे किलोमीटर. भारत सरकारच्या एका खात्याला, त्याच्या सर्वोच्च पातळीवर, एक बेट पाण्याखाली जात असल्याचे ठाऊक होते, आणि नागपट्टिनम, कडलूर, कन्याकुमारीच्या किनाऱ्यावर लोक अजून जाळी सुकवत होते. हा निरोप चेन्नईच्या पोलीस कंट्रोल रूमला द्यायला फक्त एक फोन पुरेसा होता. चेन्नईत फोन चालू होते. पण हवाई दलाची तार हवाई दलात संपते. वर जायचे तर संरक्षण मंत्रालय, तिथून गृह मंत्रालय, तिथून राज्य, तिथून जिल्हा. आडवी वाट आखलेलीच नव्हती. मी इथे कुणा व्यक्तीला दोष देत नाही. बेटावर आपली माणसे बुडत असताना दलप्रमुखाने विमाने आणि बचावाचा विचार आधी केला, यात काहीच गैर नाही. दोष त्या आखणीचा आहे, जिच्यात एका खात्याला कळलेले दुसऱ्याला कळवणे हे कुणाच्याच कर्तव्यात लिहिलेले नव्हते.

८:१५. उरली ५० मिनिटे.

दलप्रमुखांनी आपल्या सहायकाला संरक्षण मंत्रालयाला कळवायला सांगितले. निरोप एक पायरी वर चढला.

८:५४. उरली ११ मिनिटे.

हवामान खात्याने विज्ञान व तंत्रज्ञान मंत्र्यांना भूकंपाची माहिती देणारा फॅक्स पाठवला. तो गेला डॉ. मुरली मनोहर जोशी यांच्या पत्त्यावर. सरकार मे महिन्यातच बदलले होते, मंत्री आता कपिल सिब्बल होते. यादीतला पत्ता सात महिने कुणी बदलला नव्हता. तो फॅक्स योग्य घरी पोहोचला असता तरी फार फरक पडला नसता, कारण त्यात लाटेचा इशारा नव्हताच. पण वेळांकडे नीट पाहा. हवाई दलाला पाण्याची बातमी होती, हवामान खात्याला भूकंपाची. एकाने दुसऱ्याला विचारले असते, तर ७:५० ते ८:५४ या तासाभरात दोन्ही बातम्या एका टेबलावर आल्या असत्या, आणि किनाऱ्यावरचे अडीचशे भोंगे त्याच हवामान खात्याच्या हाती होते. चक्रीवादळासाठी ठेवलेला संच पाण्याच्या लाटेसाठी वाजवायला कुठलाही नवा यंत्रभाग लागत नव्हता. त्या सकाळी तो वाजला नाही.

९:०५.

चेन्नई आणि विशाखापट्टणमच्या मापकांवर पहिली लाट उमटली. या यंत्रांच्या नोंदी तेव्हा लगोलग कुठे कळत नव्हत्या. मरीना बीचवर सकाळी फिरायला आलेली माणसे, क्रिकेट खेळणारी मुले, मासळी विकणाऱ्या बाया. एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसे गेली. वेळांकण्णीत चर्चसमोरच्या वाळूवर असलेले भाविक गेले. कल्पक्कमच्या अणुवीज केंद्रात समुद्राचे पाणी खेचणाऱ्या पंपगृहात पाणी भरले. नियंत्रण कक्षातल्या माणसांनी चालू असलेली अणुभट्टी सुरक्षित बंद केली. त्याच केंद्राच्या वसाहतीत, किनाऱ्याकडच्या घरांत, माणसे वाहून गेली. भिंतीच्या आत धोक्याची घंटा वाजली, भिंतीबाहेर ती ऐकू गेली नाही.

पुदुच्चेरीजवळच्या नल्लवाडू या मच्छीमार गावाचे मात्र वेगळे झाले. तिथे डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांच्या संस्थेने गावकऱ्यांसाठी माहिती केंद्र चालवले होते. त्यात टेलिफोन होता आणि गावभर ऐकू जाणारे लाउडस्पीकर होते, रोज समुद्राची अवस्था आणि मासळीचे भाव सांगायला. सिंगापूरला नोकरी करणाऱ्या गावच्या एका तरुणाने टीव्हीवरची बातमी पाहून घरी फोन केला. गावातल्या पोरांनी केंद्राचे दार फोडले आणि लाउडस्पीकरवरून ओरडून गाव रिकामे केले. दीडशेच्या आसपास घरे पडली, पण गावातली साडेतीन हजारांवर माणसे वाचली. इथे निरोपाला कुणाची परवानगी लागली नाही आणि तो द्यायचा कुणाला हेही ठरलेले होते, सगळ्या गावाला.

पावणेदहा ते दुपार.

हवामान खात्याची माहिती गृह मंत्रालयाच्या नियंत्रण कक्षात पावणेदहाच्या सुमारास पोहोचली. तिथून मंत्रिमंडळ सचिवालयाला साडेदहाला. तोवर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर शोध चालू झाला होता.

त्या दिवसापासून पुढचे कित्येक दिवस अंदमानशी बोलणे कुणामुळे होत होते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. हैदराबादच्या हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद डिसेंबरात पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. त्या बेटांवरून हौशी रेडिओची परवानगी वर्षानुवर्षे मिळत नव्हती, ती मिळवून त्यांनी व्हीयू फोर आरबीआय या संकेतनामाने जगाशी बोलायला सुरुवात केली होती. भूकंपाच्या सकाळी त्यांचा संच चालूच होता. छंदाचे बोलणे थांबले आणि त्या आणि त्यांचे सहकारी निरोप ने-आण करू लागले. बेटांवर अडकलेल्यांची खबर मुख्य भूमीवरच्या घरांपर्यंत याच मार्गाने गेली. हाही एचएफच होता. फरक इतकाच की या संचापलीकडे जो कुणी ऐकत असेल त्याच्याशी बोलायची मुभा होती.

भारतात त्या दिवशी सरकारी आकड्यांनुसार दहा हजारांवर माणसे मेली, आणखी पाच हजारांवर बेपत्ता राहिली.

त्यानंतर.

२००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक माहिती संस्थेत ऑक्टोबर २००७ मध्ये त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ पुन्हा मोठा भूकंप झाला, तेव्हा या केंद्राने आठ मिनिटांत पहिले पत्रक काढले. २००४ साली अडीच तासांत जे जमले नव्हते, त्याचा हा खरा जबाब आहे आणि तो देणाऱ्या शास्त्रज्ञांचे आपण पुरेसे कौतुक केले नाही.

खात्यांची स्वतःची जाळीही वाढली. हवाई दलाचे एएफनेट २०१० साली सुरू झाले. सैन्यदलांसाठी बीएसएनएलकरवी स्वतंत्र ऑप्टिकल फायबर टाकली गेली. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर समुद्राखालची केबल २०२०च्या ऑगस्टमध्ये चालू झाली. ही सगळी कामे हवीच होती. लष्कराच्या जाळ्याला कुलूप असणेही योग्यच आहे. माझे म्हणणे एवढेच की त्या कुलूपबंद जाळ्याला बाहेर उघडणारे एक दार हवे, आणि त्या दाराशी बसलेल्या ड्यूटी ऑफिसरला, मग तो कितीही कनिष्ठ असो, वरिष्ठाला न विचारता किनाऱ्यावरच्या जिल्हाधिकाऱ्याला थेट निरोप द्यायचा लेखी अधिकार हवा. असा अधिकार कागदावर एका परिच्छेदाचा असतो. फायबरपेक्षा फार स्वस्त.

कोकणासाठी हा प्रश्न लांबचा नाही. मकरानची भेग १९४५नंतर शांत असली तरी मेलेली नाही. तिकडून निघालेली लाट मुंबई-रत्नागिरीला यायला काही तास घेते, म्हणजे पूर्व किनाऱ्याला मिळाला त्याहून जास्त वेळ आपल्या हाती असतो. तटरक्षक दल, नौदल, बंदरे, मत्स्य खाते, पोलीस, रेल्वे, सगळ्यांचे संच आपापल्या जागी आहेत. हर्णै, मुरुड, मालवणच्या बंदरावर रात्री दोन वाजता या संचांपैकी कुठल्यावर निरोप येणार, तो घेणारा माणूस कोण, आणि कोळीवाड्यात भोंगा वाजवायची परवानगी त्याला आधीच दिलेली आहे का, हे प्रत्येक ग्रामपंचायतीने जिल्हा आपत्ती कक्षाला लेखी विचारावे आणि उत्तर लेखीच घ्यावे.